पिशवीसकट

दुधाची रिकामी पिशवी. धुतलेली, तळाला भोकं पाडलेली.

भाजी धुतलेलं पाणी.

फ्लेक्सवर दाटीवाटीनं हसणारे चेहरे. (झाड एकही नाही.)

शेळ्यांचा आवडता पाला.

"ओ दादा! चोरी करायला लाज नाही वाटत?"

शेवटचं वाक्य दीपमालाचं. ते ती ओरडली तेव्हा तिची स्कूटी अजून धडधडतच होती.

बायपासजवळचं मोकळं मैदान. श्रावणातली संध्याकाळ, भुरभुर पाऊस. गेल्या आठवड्यात इथं वृक्षारोपणाचा थाटमाट झाला होता. शहरातल्या पोरापोरींनी गच्चीवर, बाल्कनीत, जिन्याखाली देशी झाडं वाढवायची आणि हरितश्री प्रतिष्ठाननं ती इथं लावायची, असं ठरलेलं. दीपमालानं सिडकोतल्या घराच्या गच्चीवर बहावा वाढवला होता. त्याचं बी दगडासारखं. एकेक बी फरशीवर घासायचं, गरम पाण्यात भिजवायचं, मग कुठं ते डोळा उघडणार. आणि हे सगळं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात! "माणसं पारोशी अन् हिच्या पिशव्यांना अंघोळी!" आई रोज करवादायची. शेवटी भाजी धुतलेल्या पाण्यावर तह झाला.

सोहळ्याच्या दिवशी नेमका तिचा पेपर होता. आज सवड काढून ती रोपं बघायला आली — तर हा कोण कुठला माणूस तिचा बहावा उपटून हातात घेऊन बसलेला!

"चोर नाय हो मी," तो उकिडवाच बसून म्हणाला. "हे बघा."

त्यानं रोप पुढं केलं. मुळांभोवती दुधाची निळी पिशवी, जशीच्या तशी.

दीपमालानं शेजारचं रोप उकरलं. पिशवी. त्याच्या पुढचं... पिशवी.

"पिशवीसकट पुरलीत?" तिचा आवाज चिरकला. "सगळी? पिशवी फाडायला कितीसा वेळ लागतो? ह्यांच्या पायांना गोण्या बांधा म्हणावं, अन् मग वाढा म्हणावं!"

"फोटोवाला घाई करत होता. साहेबांना अजून दोन ठिकाणी झाडं लावायची होती."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी होतो ना इथं. फ्लेक्सचं एक टोक माझ्याच हातात होतं."

झालं! तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी ती चरचरली. "म्हणजे उभं राहून बघितलंत? मूग गिळले होते?"

"बोललो की. तर म्हणाले, धर नीट, चेहरा दुमडतोय."

इतक्या संतापातही तिला हसू फुटलं. ते तिनं दातांखाली दाबलं. पण त्यानं पाहायचं ते पाहिलं.

"खुरपं आहे का अजून एक?"

"नाय. ब्लेड आहे... पण तुमच्या हातात ब्लेड द्यायची आत्ता भीतीच वाटते."

त्याचं नाव गोकुळ. गाव देवगाव रंगारी, छावणीत भाड्याची खोली, वाळूजला कंपनीत शिफ्ट. शिफ्ट सुटली की तो रोज इथं येऊन थोड्या पिशव्या काढत होता, कुणाला न सांगता. हे सगळं दीपमालानं पोलिसासारखं विचारून काढून घेतलं; बदल्यात स्वतःचं फक्त नाव सांगितलं.

मग काम सुरू झालं. तो पिशवी चिरायचा, ती मातीचा गोळा सांभाळायची. गोळा फुटला तर कोवळी मुळं तुटतात, म्हणून एकाच ढेकळाभोवती दोघांचे चारही हात... बोटं बोटांना लागायची. माती ओली होती.

"गार आहेत तुमचे हात," तो म्हणाला.

"माझे हात राहू द्या. रोप धरा."

मैदानाच्या कडेला एक रांग मात्र कमरेएवढी झाली होती. हिरवीगार, तरतरीत.

"ही कुणाची?"

"माझी," गोकुळची छाती फुगली. "शिरीष. ह्यांच्या पिशव्या मी त्याच दिवशी फाडल्या होत्या."

"फक्त स्वतःच्याच?"

"नजर चुकवून तेवढंच जमलं. त्याचीच लाज वाटते, म्हणून तर रोज येतो."

दीपमाला तावातावानं वाकली — आणि तशीच थांबली. तिनं एक डहाळी बोटांवर पसरली. बारीक, कंगव्याच्या दातांसारखी पानं.

"गोकुळ... हा शिरीष नाही. सुबाभूळ आहे."

"असं कसं?"

"शिरीषाचं पान केवढं मोठं असतं! ही परदेशी जात आहे. एकदा हिचं बी पडायला लागलं की हे अख्खं मैदान गिळेल, माझ्या बहाव्याला उभं राहू देणार नाही. कोणत्या शहाण्यानं दिलं हे बी?"

गोकुळनं तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"होती एक."

"कोण?"

"लई गर्दी होती. चेहरा तेवढा ध्यानात राहिला."

तिला उगीचच लागलं ते. साहेबांच्या फ्लेक्सहून जास्त लागलं. "छान होता वाटतं?"

"रागीट होता."

"मग जाऊन सांगायचं ना तिला! फुकट मिरवतात, अन् बियांतलं काही कळत नाही. मी असते तर पुडी तोंडावर मारली असती."

"मला नसतं जमलं," गोकुळ म्हणाला. त्यानं पहिल्या रोपाला हात घातला. "उपटू?"

आता तीच अडखळली. "उन्हाळाभर पाणी घातलं असेल ना..."

"अंघोळीचं. साबण लावायचा नाय मी. त्यांना सोसायचं नाय म्हणून."

आणि त्यानं पहिलं रोप उपटलं. मग दुसरं. ओढताना त्याचे तळवे लाल झाले, एकदा तोल जाऊन तो चिखलात बसला. दीपमाला हसली नाही. तिनं शेवटचं रोप त्याच्यासोबत धरलं आणि दोघांनी मिळून ओढलं.

"शेळ्यांची चैन झाली," तो मोळी बांधत म्हणाला. त्याला तिच्याकडं बघवेना.

"गच्चीवर अजून बहावे आहेत माझे," ती म्हणाली. "टेम्पोत मावले नव्हते. ह्या खड्ड्यांत ते लावू. उद्या सकाळी या घ्यायला."

"तुमच्या आई काय म्हणतील?"

"पारोसा आहेस का विचारेल. नाही म्हण." 'तुम्ही'वरून ती 'तू'वर कधी आली, तिचं तिलाच कळलं नाही. कळलं तेव्हा कान तापले. "आणि... ते मघाचं 'दादा'..."

"उपटलं?"

"मुळासकट."

गोकुळनं खुरपं पुसलं. आधीच पुसलेलं होतं, तरी पुन्हा पुसलं. "दीपमाला, मला तू आवडतेस. आजच नाय... आधीपासून."

"आज तर भेटलास!"

तो नुसता हसला. तिनं त्याच्या चिखलाच्या तळव्यावर आपला चिखलाचा हात ठेवला, आणि ह्या वेळी मधे ढेकूळ नव्हतं.

निघण्याआधी त्यांनी फाडलेल्या सगळ्या पिशव्या एका दोरीत ओवल्या आणि मैदानाच्या तोंडाशी अजून टांगलेल्या फ्लेक्सवरच्या हसऱ्या चेहऱ्यांखाली तोरणासारख्या बांधल्या. गाठ दीपमालानं मारली. करकचून.

गेल्या होळीनंतर कॉलेजच्या फाटकाशी बीवाटप झालं, तेव्हा शिरीष म्हणून ती पुडी गोकुळच्या हातात दीपमालानं ठेवली होती.