लेखिका कापा

कडेला लिपस्टिक लागलेला ग्लास.

आपणहून श्वास सोडणारं अकॉर्डियन.

हिरवी खुर्ची. रिकामी.

पुठ्ठ्यावर लिहिलेला सातचा आकडा.

विश्वास ठेवा म्हणून कुणाच्या पाया पडणार नाही. त्या दिवशी क्लीव्हलंडमध्ये ज्यांनी टीव्ही लावला होता, त्यांनी हे पाहिलंय. १४ नोव्हेंबर १९७४, गुरुवार. दुपारचे चार. तीन कॅमेऱ्यांसमोर, लख्ख उजेडात.

डोलोरेस ह्रुस्का त्या स्टुडिओत वेळ राखायची. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून पुठ्ठे दाखवायचे. पाच मिनिटं उरली, तीन, एक. थांबवायचं असेल तर गळ्यावरून बोट फिरवायचं.

म्हणजे, कापा.

कार्यक्रम ठरलेला. आधी लू गार्विनचे विनोद, मग फ्रँक झुपानचं अकॉर्डियन, शेवटी पाहुणी. आजची पाहुणी हॅरिएट लिंडक्विस्ट. बायकांच्या बिनपगारी कामावर पुस्तक लिहिणारी. तीनदा बोलावलेली. तीनदा मेकअप करून तशीच घरी पाठवलेली. दर वेळी लू लांबला होता.

"या वेळी सात मिनिटं तुमची," डोलोरेसने पत्रात शब्द दिला होता. "माझी नोकरी गेली तरी चालेल."

साडेतीनला हॅरिएट पडद्याआड दिसली. हिरवा कोट. मानेला घट्ट रुमाल.

डोलोरेसने पाण्याचा ग्लास दिला.

तिने तो हळूच ओठांना लावला...

"पुस्तकवाली आली का गं, डॉली?" लू हसला. "तिला म्हणावं, उभीच आहेस तर माझं बटण शिवून दे!"

"तुझ्या जिभेला हाड म्हणून नाही बघ," म्हातारा झुपान पुटपुटला.

चार वाजले. लू बायकोवरच्या विनोदांवर घसरला. दहा मिनिटं. पंधरा. झुपानने घाईघाईत पोल्का नाचाची एक धून उरकली. लू पुन्हा माइकपुढे. आता बायकोची आई.

हेडफोनमध्ये निर्माता मॅकी म्हणाला, "रंगलाय तो. लेखिका कापा."

डोलोरेसच्या डोक्यात तिडीक गेली.

"नाही कापणार."

"काय म्हणालीस?"

"चौथ्यांदा नाही! हाकला मला, जा!"

तिने 'एक'चा पुठ्ठा उंच धरला.

लू गोंधळून बघत राहिला...

पुठ्ठ्यावर सात होता.

तिने दुसरा उचलला. सात.

तिसरा. सात.

प्रेक्षकांचं हसू मधेच तुटलं.

लूचं तोंड हलत होतं... आवाज नव्हता. त्याने दोन्ही हातांनी गळा धरला.

झुपानच्या मांडीवरच्या अकॉर्डियनने, बोट न लावता, एक लांब श्वास सोडला.

पाहुणीच्या रिकाम्या हिरव्या खुर्चीची गादी हळूच दबली...

डोलोरेसच्या कानात, हेडफोनमधून, पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला. मग दुसरं. रागाने उलटावं तसं, फाडकन.

"जाहिरात लावा!" मॅकी किंचाळत होता. बटणं दाबून बोटं दुखली, चित्र बदलेना.

मोजून सात मिनिटं.

मग लूला खोकला आला.

लगेच फोन खणखणू लागले. सगळे बायकांचे. एकच प्रश्न.

"हिरव्या कोटातल्या त्या बाईंचं पुस्तक कुठे मिळेल?"

शेवटचा फोन हॅरिएटच्या बहिणीचा होता.

"हॅरिएट मंगळवारीच गेली. घशाचा कॅन्सर. तुमच्या मिस्टर मॅकींना त्याच दिवशी कळवलं होतं की."

डोलोरेस मॅकीपुढे जाऊन उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"यादीत नाव राहू दिलं," मॅकीने खांदे उडवले. "तसंही तिची पाळी येते कुठे!"

तिने पडद्याआडचा तो ग्लास उचलला, पाणी त्याच्या थोबाडावर फेकायला.

ग्लास रिकामा होता. कडेला लिपस्टिक... अजून ओली.

डोलोरेसने ऐंशी ओलांडलीय. गुरुवारी चारच्या सुमाराला तिच्या कानात अजून पान उलटतं. ती मॅकीला शिव्या घालते, लूला घालते. मग स्वतःच्याच बोटाकडे बघत राहते.

पहिल्या खेपेला, मार्चमध्ये, हॅरिएट कागद हातात घेऊन पडद्याआड थांबली होती, तेव्हा लांबूनच तिच्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवलं होतं ते डोलोरेसनेच.