पलंग पहिल्या जागी

कंदील जरा बारीक करा, पोरांनो. एवढा उजेड नको.

ही हकिगत लिनव्हल ब्रिसेटची. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, त्यानेच मला सांगितलेली. लिनव्हल थापा मारणारा नव्हे. त्याचा दोष असलाच तर उलटा. त्याला कुणाचंच खरं वाटायचं नाही.

वादळ होऊन गेल्यावर एका मदत संस्थेत त्याला फोटो काढायचं काम लागलं. वादळाआधीचा घरातला जुना फोटो लोकांकडून घ्यायचा, छपराचे अर्धे पत्रे बसले की त्याच जागी उभं राहून नवा काढायचा. दोन्ही शेजारी ठेवले की परदेशातल्या दात्यांना दिसावं, घर पुन्हा पहिल्यासारखं होतंय. तो फोटो पोचला की मगच उरलेले पत्रे यायचे.

जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी, ऊन कलताना, तो पेलिकन कोव्ह या किनाऱ्यावरच्या गावात मिस आयोनीकडे गेला. साठीची बाई. नवरा सेबर्ट मासे धरायचा. वादळाच्या रात्री ती चर्चमध्ये जाऊन बसली, तो घर राखायला मागे राहिला. सकाळी घरावर छप्पर नव्हतं आणि घरात सेबर्ट नव्हता. समुद्राने देहसुद्धा परत दिला नाही. विधवेच्या घराला पत्रे आधी, असा संस्थेचा नियम, म्हणून तिला पहिल्या खेपेत मिळाले. निजायच्या खोलीवर कोरे पत्रे, बाकी घरावर निळी ताडपत्री.

लिनव्हलची नजर गेली ती अंगणातल्या दोरीवर. पुरुषाची विजार वाळत होती.

"मिस आयोनी, ही कुणाची?"

"सेबर्टची. एकटी बाई राहते, बाळा. चोराला वाटायला हवं, आत पुरुषमाणूस आहे."

लिनव्हलने मान डोलावली. मनात मात्र म्हणाला, चोराला वाटायला हवं, की मला कळायला नको? जिवंत माणूस मेला म्हणून सांगून पत्रे लाटणारं एक घर त्याने मागच्याच महिन्यात पकडलं होतं.

आत जाऊन त्याने जुना फोटो समोर धरला. काहीच जुळेना. फोटोत पलंग खिडकीखाली, इथे मागच्या भिंतीला. कपाट इकडचं तिकडे, झुलती खुर्ची तिसरीकडेच. त्याने सांगितलं, सगळं पहिल्यासारखं लावू.

आयोनी जागची हलली नाही. म्हणाली, सेबर्ट गेल्यावर त्याची नववी रात्र केली तेव्हा फिरवलंय ते. तुझा बाप गेला तेव्हा तुझ्या आईनेही फिरवलं असेल.

फिरवलं होतंच. आपल्याकडे कोण फिरवत नाही? गेलेला माणूस परत आला तर त्याला आपली खोली ओळखू येऊ नये, म्हणून. हे लिनव्हलला ठाऊक नव्हतं असं नाही. पण संशय एकदा डोक्यात बसला की माणसाला रीतभातही बहाणा वाटते. फोटो जुळला नाही तर पत्रे येणार नाहीत, एवढंच तो म्हणाला.

आयोनीने दारातून बाहेरच्या खोलीवरच्या ताडपत्रीकडे पाहिलं. मे महिन्याचा पाऊस तिला अडवता येणार नव्हता.

"काढ फोटो. पण काढला की लगेच फिरवायचं."

दोघांनी मिळून पलंग ओढला, कपाट सरकवलं. फोटो काढला, अगदी हुबेहूब. मग लिनव्हलने कंबर धरली. आता सकाळी फिरवू म्हणाला, माझी शेवटची गाडीही गेली. गाडी गेली नव्हती. त्या पलंगावर रात्री कोण येऊन निजतं, ते त्याला बघायचं होतं. सेबर्ट सापडला की त्याचा एक फोटो, आणि आयोनीचे उरलेले पत्रे दुसऱ्या घराला.

तिने त्याला तळलेला मासा आणि कसाव्याच्या कंदाची भाकरी वाढली. रमची बाटली उचलली आणि अंगणातल्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. तूही बाहेरच नीज, असं एकदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली नाही.

लिनव्हल भिंतीशी चटई टाकून पडला. कॅमेरा छातीवर.

मध्यरात्र टळली. वारा नव्हता. कुत्रंही भुंकलं नाही.

आणि दार लोटलं गेलं…

अनवाणी पावलं. ओली. चप्… चप्…

काळोखात लिनव्हल हसला. आलास का, सेबर्ट.

पावलांनी खुर्चीला वळसा घातला. कपाटाचा कोपरा चुकवला. सरळ खिडकीकडे गेली. कुठे अडखळली नाहीत, की चाचपडली नाहीत.

मग लिनव्हलचं हसू गेलं.

इतके दिवस इथे लपलेला माणूस आज धडकला असता. पलंग त्याने मागच्या भिंतीला शोधला असता. सामान हललं ते आज संध्याकाळी. आणि याला… याला फक्त जुनंच घर ठाऊक होतं.

पलंग करकरला.

लिनव्हलने बटण दाबलं. लख्ख उजेड पडला.

पलंगावर कुणी नव्हतं. पण गादी… मधोमध दबलेली.

पुन्हा काळोख.

तो अंगणात कसा पोचला, त्याला आठवत नाही. आयोनी चुलीशी जागीच होती. कोण आलं, असं तिने विचारलंच नाही.

"निजला का?"

लिनव्हलने होकारार्थी मान हलवली.

"दमला असेल. थोडं निजू दे त्याला. मग फिरवू."

झुंजूमुंजू झाल्यावर तिने उंबऱ्यावर रम शिंपडली. दोघांनी पलंग मागच्या भिंतीला नेला. गादी तिने उलटी केली आणि तिच्यावरून हात फिरवला. लिनव्हलने फोटो पाठवला, संशयाबद्दल एक अक्षर कळवलं नाही.

उरलेले पत्रे मार्चमध्ये आले, सोबत लिनव्हलही. ते जोडायला सुतार वर चढला आणि त्याने लिनव्हलला हाक मारली. खिडकीवरचा एक पत्रा बाहेरच्या बाजूला फुगला होता. लिनव्हल खोलीत गेला, शिडी लावली, आढ्याजवळच्या अंधारात दिवा धरला.

आतल्या बाजूने पत्र्यात पाच बोटं रुतली होती. वर रेटलेली. खळग्यांत पांढरं मीठ वाळलेलं.

वादळाच्या रात्री घरात पाणी कुठवर चढलं, ते बघायला कुणी उरलं नव्हतं. पण पोरांनो, हे पत्रे तर वादळानंतरचे. समुद्राचं पाणी त्यांना कधी लागलंच नव्हतं…

पत्रा बदलू का, असं सुताराने विचारलं. आयोनी नको म्हणाली.

अजून आहे तो तिथे.