फुप्फुसातले मुक्कामी

एकाच विषाणूने दोघांना गाठलं होतं. सत्तरीचे आजोबा दोन दिवस घसा खाकरून मोकळे झाले आणि दहा वर्षांची ऋजुता मात्र चांद्रवसाहतीच्या विलगीकरण खोलीत (संसर्ग पसरू नये म्हणून रुग्णाला एकटं ठेवतात ती खोली) नाकाला प्राणवायूची नळी लावून पडली होती. असं उलटं कसं झालं, हे तिला उमगत नव्हतं.

आज सहावा दिवस. जेवण भिंतीतल्या खणातून यायचं, तपासायला यंत्रमानव यायचा. त्याचा हात कपाळावर टेकला की ऋजुता डोळे मिटून तो आईचा आहे असं समजायची. संसर्ग पसरू नये म्हणून वसाहतीतली सगळी दारं बंद केल्यामुळे आई-बाबा लांबच्या खाणतळावर अडकले होते.

काचेपलीकडे आजोबा बसून असत. ते रोगप्रतिकारशक्तीचे शास्त्रज्ञ. पृथ्वीवरून पहिल्यांदाच आले होते. तोवर तिने त्यांना फक्त पडद्यावर पाहिलेलं.

"आजोबा, हे मला कुणाकडून आलं?"

"माझ्याकडून, बाळा. निघताना तपासणी केली होती, तरी निसटलं."

ऋजुताने भिंतीकडे तोंड फिरवलं. तशीच पडून तिने विचारलं, "मग तुम्ही का नाही पडलात आजारी?"

"मला असल्या सर्द्या कितीदा तरी होऊन गेल्यात. दर वेळी टी-पेशी (विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून नष्ट करणाऱ्या पांढऱ्या पेशी) लढतात. नंतर बहुतेक मरतात. काही स्मृतिपेशी (जंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी) बनून रक्तातून फिरत राहतात. आणि थोड्या फुप्फुसातच मुक्काम ठोकतात. त्या निवासी स्मृतिपेशी. जंतू आला की त्या जागेवरच असतात, लगेच कामाला लागतात."

"माझ्याकडे नाहीत?"

"तू इथल्या गाळलेल्या हवेत वाढलीस. तुझ्या पेशींना आधी लसिकाग्रंथीत (टी-पेशी जिथे जमतात आणि लढाईला सज्ज होतात त्या गाठी) विषाणूची ओळख करून घ्यावी लागते, मग संख्या वाढवायची, मग फुप्फुस गाठायचं. आठवडा जातो."

"म्हणजे त्या अजून वाटेत आहेत."

"पोचू लागल्यात. सकाळपासून तुझ्या रक्तातला प्राणवायू दोन अंकांनी वाढलाय."

नवव्या दिवशी नळी निघाली आणि दार उघडलं. आजोबा आत आले, पण उंबऱ्याशीच घुटमळले. ऋजुताने सरकून पलंगावर जागा केली.

"बसा ना. आता त्या पेशी माझ्यात कायम राहतील?"

"फुप्फुसातल्या हळूहळू विरळ होतात. म्हणून तर मी नाकात फवारायची लस घेऊन आलो. आजारी न पाडता त्यांना तिथे वस्तीला बोलावणारी. तुला द्यायच्या आतच तू आजारी पडलीस."

तिने त्यांचा हात हातात घेतला. तो खरखरीत होता.

"इथे जन्मलेली आणखी अकरा मुलं आहेत," ती म्हणाली. "अद्वय तर चार वर्षांचा आहे. त्याला या खोलीत एकट्याला झोप यायची नाही."

"उद्या दारं उघडतील. त्याच्यापासूनच सुरुवात करू."

"मी पण येते. फवारताना तो घाबरेल, मी त्याच्याजवळ बसेन."