उत्तूरच्या रस्त्यानं

कावळा नाक्याच्या पेट्रोल पंपावर तो पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा मी त्याला चाकांत हवा भरायला लावली.

चूक माझीच. शनिवारची सकाळ, नऊ वाजून गेलेले, आणि पाचच्या आत म्हापशाला पोचायचं होतं. गाडी माझी, चालवणारही मीच. माझे मित्र अदिती आणि अमरसिंह पलीकडं चहा पीत होते. हवेच्या मशीनपाशी कुणी नव्हतं. एवढ्यात निळ्या शर्टातला एक उंच मुलगा सरळ माझ्याकडे चालत आला आणि म्हणाला, "ह... ह..."

"हवा ना? चारही चाकं. तीस-तीस ठेवा," मी म्हणाले. "आणि जरा लवकर, प्लीज."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत काहीतरी चमकलं. हसू की राग, कळलं नाही. मग खाली बसला, नळी ओढली आणि चारही चाकांत नीट हवा भरली. प्रत्येक व्हॉल्व्हची टोपी आठवणीनं फिरवून बसवली. मी "थँक्यू" म्हणतेय तोवर अमरसिंह चहाचा कप हातात घेऊन ओरडत आला, "आरं दत्ता! आलास व्हय? अवंतिका, ह्यो आपला चौथा!"

आमच्याबरोबर येणाऱ्या धवलला ऐनवेळी ताप आला होता, म्हणून त्याचं कार्यक्रमाचं तिकीट अमरसिंहनं आपल्या कंपनीतल्या कुणाला तरी दिलं होतं, एवढं मला माहीत होतं. दोघं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एकाच ठिकाणी कामाला. पण तो 'कुणीतरी' हा असेल...

माझे कान तापले. "मग तुम्ही 'ह... ह...' म्हणजे नक्की काय म्हणत होता?"

"ह-हॅलो," तो म्हणाला.

अदिती एवढी हसली की तिला टायरला टेकून उभं राहावं लागलं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी राजारामपुरीत एका क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवते. पोरानं तोंड उघडलं की उत्तर मीच देऊन मोकळी. घरीसुद्धा तेच. समोरचा श्वास घेतो तेवढ्यात मी त्याचं वाक्य पुरं करते. आजवर मला हा माझा गुणच वाटायचा.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे 'रानगवा'. पाच जणांचा आमचा लाडका रॉक बँड. गिटारच्या जोडीला हलगी. ती हलगी कडाडली की अंगावरचा केस न् केस उभा राहतो. आता हलगीवाला परदेशी चालला होता. म्हणजे म्हापशात पाचही जण एकत्र वाजवणार ते शेवटचंच. याआधी मी त्यांचे दोन कार्यक्रम हुकवले होते. एकदा परीक्षा आडवी आली, एकदा शिरोलीजवळ हायवेवर पुराचं पाणी. तिसऱ्यांदा काहीही आडवं येऊ देत, मी जाणार होते. पाचला गेट बंद होणार होतं आणि साडेपाचला पहिलं गाणं.

दत्तप्रसाद मूळचा आजऱ्याचा, रस्ता माहितीचा, म्हणून त्याला पुढं माझ्याशेजारी बसवलं. त्याचं बोलणं अडखळत यायचं. एखादा शब्द ओठांशी येऊन थांबायचा, मान किंचित कलायची... आणि तेवढ्यात मागून अमरसिंह तो शब्द पुरवायचा. दत्तप्रसाद नुसता हसायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

निपाणी आली. हायवेवरून वळायची वेळ झाली.

"उ... उत्तूरच्या रस्त्यानं..." तो म्हणाला.

"उत्तूरच्या रस्त्यानं, माहितेय! गूगलपण तेच सांगतंय." मी गाडी वळवलीसुद्धा.

"न... न..."

"निवांत बसा हो. मी पाच वर्षं चालवतेय गाडी."

त्यानं एक लांब श्वास सोडला आणि निवांत बसला.

अर्ध्या-पाऊण तासानं मला कळलं तो काय म्हणत होता ते. पुढं रस्ताच नव्हता. रस्त्याखालच्या मोरीच्या कामासाठी तो आडवा खणून ठेवला होता. बाजूनं मातीचा कच्चा रस्ता काढलेला, आणि त्याच्या मधोमध उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रुतून बसलेला. पुढं रांग. बघता बघता आमच्या मागंही एक एसटी, दोन टेम्पो, पाच-सहा गाड्या. मागं फिरायचीही सोय उरली नाही.

मी हळूच शेजारी बघितलं. "तुम्ही म्हणत होता की उत्तूरच्या रस्त्यानं..."

"...नको," तो म्हणाला.

मग अमरसिंह फुटला, "आगं बाई, माणसाला बोलू तरी द्यायचं की! परवाच ह्यो ह्या रस्त्यानं गावाकडनं आलता!"

"आता गेलं ते," अदिती म्हणाली. "रस्ता मोकळा झाला की परत फिरूया. पाचला काय आपण पोचत नाही."

"परत कुणीही फिरणार नाही," मी म्हणाले. पण आवाज नेहमीसारखा लागला नाही.

बारा वाजले. मी खाली उतरून मोरीच्या दगडावर जाऊन बसले. नोव्हेंबर असूनही ऊन चटके देत होतं. दोन्ही बाजूंना ऊस, आणि त्यात वाऱ्याची सळसळ. थोड्या वेळानं दत्तप्रसाद आला, हातातली पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली आणि शेजारच्या दगडावर बसला.

"सॉरी," मी म्हणाले. "हवेचं... आणि रस्त्याचं. दोन्हीचं."

तो काहीतरी बोलणार होता. माझ्या जिभेवर तीन वेगवेगळी वाक्यं तयार होती. मी बाटलीचं झाकण घट्ट धरलं आणि गप्प राहिले. आयुष्यात एवढी अवघड गोष्ट मी फार कमी वेळा केली असेल.

"बाकीचे..." तो म्हणाला, "माझं वाक्य ब-बरोबर संपवतात. मग मला... बोलायला काही उरतच नाही. तुम्ही... चु-चुकीचं संपवता. म्हणून मला... परत बोलावं लागतं."

"म्हणजे मी चुकत राहू?"

"थ-थोडं थोडं."

मी त्याच्याकडं बघितलं. तो समोर उसाकडं बघत होता, पण गालावर खळी पडलेली स्पष्ट दिसत होती. ऊन एकदम जास्तच वाटायला लागलं.

"तुम्हाला 'रानगवा' का आवडतो?" मी विचारलं. आणि थांबले.

खूप वेळ लागला त्याला. कॉलेजात असताना तोंडी परीक्षेत तो उभाच राहिला होता, उत्तर येत असूनही. सरांनी "बस खाली" म्हटलं. त्या दिवशी हॉस्टेलवर त्यानं पहिल्यांदा ती हलगी ऐकली. "ती... कुणाची वाट बघत नाही," तो म्हणाला. "आणि क-कुणाला घाबरत नाही. मला वाटलं... आपण पण... बोलायचं. वेळ लागला तर... लागू दे. तेव्हापासनं मी... बोलायचं सोडलं नाही."

उसातून वारा गेला. मी बाटली त्याच्याकडं दिली.

पुढं ट्रॅक्टरभोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि प्रत्येक जण ओरडत होता. कुणी म्हणे ऊस उतरवा, कुणी म्हणे मागनं ढकला. ढकलून ट्रॅक्टर आणखीच खाली गेला होता.

"मला ते गेट बंद व्हायच्या आत गाठायचंच आहे," मी म्हणाले. "काहीच करता येणार नाही का?"

त्यानं डोळे बारीक करून ट्रॅक्टरकडं बघितलं. कंपनीत दिवसभर यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढणारा माणूस तो. "ए-एक करता येईल. पण त्यांना... स-सांगावं लागेल."

"मी सांगू?"

"नको." हा शब्द मात्र त्याला एका दमात म्हणता आला.

आम्ही दोघं गर्दीत शिरलो. तो पुढं, मी एक पाऊल मागं. तो ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापाशी उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "म... म... माग..."

"काय पावणं, गाडी स्टार्ट हुईना व्हय तुमची?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

माझं डोकं फिरलं. त्या माणसाला काय सुनवायचं ते पूर्णविरामासकट तयार होतं. मी पुढं झाले... आणि दत्तप्रसादनं माझ्याकडं न बघता फक्त तळहात वर केला. थांब.

मी थांबले.

"माग-मागची ट्रॉली... सोडवा," तो म्हणाला. मान ताठ, आवाज पहिल्यापेक्षा मोठा. "चाकांना... द-दगड लावा. आधी एकच... ओढून काढा. मग... तो पलीकडच्या रांगेतला ट्रॅक्टर... साखळीनं... द-दुसरी ओढेल."

आता कुणी हसलं नाही. ट्रॅक्टरवरचा म्हातारा ड्रायव्हर खाली उतरला, मागची पिन बघितली, ट्रॉल्यांकडं बघितलं. "पोरगं बराबर बोलतंय की," तो म्हणाला. "आणा रं दगडं!"

मग अमरसिंहनं शर्ट काढून खांद्यावर टाकला. अदितीनं आणि मी मोठमोठे दगड वाहिले. मघाशी हसलेला माणूसही मुकाट्यानं साखळी घेऊन आला. पावणेदोनला पहिली ट्रॉली बाहेर आली, सव्वादोनला दुसरी. गर्दीनं आरोळी ठोकली. दत्तप्रसाद मातीनं माखला होता, आणि मला तो इतका... जाऊ दे. अदितीनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या तेव्हा मी घाईघाईनं गाडीत जाऊन बसले.

त्या दिवशी मी जेवणासाठी गाडी थांबवली नाही. आजरा मागं पडला, आंबोली आली. घाटात एका बाजूनं थंड सावली, दुसऱ्या बाजूला खोल हिरवी दरी. दत्तप्रसाद नुसत्या हातानं खुणावायचा, डावीकडं, हळू, पुढं खड्डा. आणि मी ऐकायचे.

"आज तुम्ही ब-बऱ्याच गप्प आहात," तो म्हणाला.

"सराव करतेय."

"कसला?"

"कळेल," मी म्हणाले, आणि गिअर बदलला.

पाचला चार मिनिटं कमी असताना आम्ही चौघं गेटमधून धावत आत शिरलो. मागं फाटक ओढून घेतल्याचा आवाज झाला. मावळतीचं ऊन मैदानभर पसरलेलं, लाल धूळ, घामाचा आणि तुडवलेल्या गवताचा वास. आणि मग हलगी कडाडली... छातीच्या आत. मी ओरडले, नाचले, रडलेसुद्धा. दत्तप्रसाद माझ्या शेजारी उभा होता, डोळे मिटून. गर्दीचा एक लोंढा आला तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. लोंढा ओसरला, तरी सोडलं नाही. मीही सोडवलं नाही.

दोन गाण्यांच्या मधे तो माझ्या कानाशी वाकला. "मला तुला... एक..."

मी वाट बघितली. गिटार सुरू झाली. तो हसला, मान हलवली. "उद्या. आ-आजऱ्यात. इथं तुला... ऐकू येणार नाही."

'तुला' म्हणाला होता तो. पुढची तीन गाणी मला नीट आठवत नाहीत.

मुक्काम सावंतवाडीला अदितीच्या मावशीकडं होता. रविवारी सकाळी परत घाट चढून आम्ही आजऱ्याला दत्तप्रसादच्या घरी आलो. त्याची आई गावातल्या शाळेत शिक्षिका. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज, आणि बोलण्याचा वेग... माझ्यापेक्षा जास्त! आम्हाला बसायलाही न देता तिनं पाटच मांडले. घनसाळ भाताचा वास घरभर दरवळत होता.

"आई," दत्तप्रसाद म्हणाला, "ही अ... अ..."

"अवंतिका. सांगितलं अमरसिंहनं फोनवर. बस गं बाळ."

"म... मला..."

"भूक लागलीय. वाढतेच आहे की."

"आ-आई."

"पाणी पाहिजे? देते."

"आई, थ-थांब!"

तिच्या हातातला डाव तसाच राहिला. असं तो कधी बोलला नसावा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण काहीतरी लागलं होतं. वीस-पंचवीस वर्षं ती त्याच्यासाठी बोलत आली होती, त्याला त्रास होऊ नये म्हणून.

"हे..." तो म्हणाला, "मला बोलू दे. वेळ... लागेल. पण मला... बोलू दे."

ती हळूच खाली बसली. अमरसिंहचा घास हातातच राहिला. अदितीनं माझा हात घट्ट धरला. दत्तप्रसाद पाटावरून उठून उभा राहिला. मला वाटलं तो आईकडं बघेल, पण तो माझ्याकडं वळला.

"मला..." शब्द अडला. त्याची मान कलली. गळ्याची शीर ताणली. सगळ्यांना माहीत होतं पुढं काय येणार. मला तर सगळ्यांत आधी. पण मी ओठ मिटून ठेवले. "मला... तू... आ... आव... आवडतेस. काल... त्या मोरीवर... तू गप्प बसलीस ना... त-तेव्हापासनं. आणि मला... विचारायचंय... तुला... मी..."

तो थांबला. श्वास घेतला. त्याला अजून एक शब्द हवा होता. आम्ही सगळे थांबलो.

"...आ-आवडतो का."

"व्हय," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं की अमरसिंह दचकला.

दत्तप्रसाद मटकन पाटावर बसला. कानापर्यंत लाल. आणि त्याची आई? तिनं पदरानं डोळे टिपले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि माझ्या ताटात भाताचा आणखी एक डाव वाढून वर तुपाची धार धरली. मग माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

"आता सांग," ती म्हणाली, "घरी कोण कोण असतं तुझ्या? माझी काय घाई नाही."

मी एकेकाबद्दल सांगायला लागले. सावकाश.