केसभर राहिलेला सूर

कुमुदिनीची न् गुरुदत्तची गाठ पडली ती उल्हासनगरात, एका सिंधी शेठच्या दुकानात, आणि तीही भांडणातच. चोपन्न सालची गोष्ट. मामानं पाठवलेल्या गिटारीसाठी ती तारा घेत होती.

"ह्या घेऊ नका, सतारीच्या आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुम्हाला विचारलं कुणी?"

शेठ हसला. "बाई, ये साब खुद बजाता है. सुन लो."

साब अंबरनाथच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायचा. राहायला तिच्याच वसाहतीत, दोन चाळी सोडून. शनिवारी चारला, त्याच्या आईच्या, माईंच्या डोळ्यांदेखत, ओसरीवर शिकवणी ठरली.

पण कसली शिकवणी! गिटार मांडीवर आडवी घ्यायची, पोलादी कांब तारांवरून सरकवायची, एवढंच ना? तर हा अर्धा तास नुसता सूरच लावी. केसभर चढला, उतरव. केसभर उतरला, चढव. डोळे मिटलेले, कपाळावर एक चुकार बट... बट बरी दिसे, ते सोडा. मग कांब पुसायची. मग चहा. मग चहा निवेपर्यंत डोंगरावरचे ढग बघायचे!

आज शेवटचा शनिवार. उद्या पुण्याची मंडळी तिला बघायला येणार. 'मुलगी गिटार वाजवते' असं आईनं पत्रात लिहून मोकळं व्हावं, आणि लेकीला यावी अर्धीच धून! बाहेर पाऊस भुरभुरत होता. आत तिचा जीव नुसता चरफडत होता.

"मास्तर, लागला का सूर?"

"जरासा... राहिलाय."

"दोन महिने जरासाच राहिलाय! उद्या अर्ध्यावरून उठू का मी?"

"चहा घेता?"

"नाही!"

तिनं गिटार ओढूनच घेतली. कांब फिरवली — आणि थबकली. सहाही तारा चोख.

"हा तर लागलाय!"

"चारलाच लागला होता."

"मग पाऊण तास काय करत होता?"

"उतरवत होतो... पुन्हा लावत होतो." तो खाली बघत म्हणाला, "उरलेली धून तुम्हाला आली की उद्या ती मंडळी पसंत करणार. दिवसभर मी नग पास-नापास करतो, पण हे... माझ्या हातानं पास कसं करू?"

कुमुदिनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रागानंच, असं तिनं ठरवलं.

"मी बोटं सोलून घेतली, आणि तुम्ही — तोंड नव्हतं तुम्हाला?"

"तुम्ही बोलू कुठं देता?"

हे मात्र खरं होतं. म्हणून तर ती आणखीच चिडली.

"शिकवा आता. पुरी धून. माझ्या आईचा शब्द खाली पडायचा नाही."

त्याचा चेहरा उतरला, तरी त्यानं शिकवली. पाव तासात! हात एकदाही न थांबता तिनं धून शेवटाला नेली, कांब खाली ठेवली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माई, उद्या मंडळी यायच्या आत आमच्या आईशी येऊन बोलाल? ह्यांच्यानं काही व्हायचं नाही."

"उद्या कशाला गं?" माई पदर सारखा करत उठल्या. "मी तर मघाशीच लुगडं बदलून बसलेय."