वकिलांच्या बंगल्यातलं रोशनदान

लकडगंजात सागवानाच्या वखारी जिथं संपतात, तिथं नत्थूजी मिस्त्रींचं दुकान होतं. दुकान कसलं, चार टिनं आणि एक भट्टी. पण रामदासपेठेत त्या सालांत जे नवे बंगले उठत होते, त्यांतल्या अर्ध्याअधिक बंगल्यांची रोशनदानं याच टिनांखाली बनली. छताच्या हातभर खाली, उंच भिंतीत बसवायचं आणि मधोमध खिळीवर फिरणारं. एक दोरी ओढली की उघडायचं, दुसरी ओढली की मिटायचं. दोऱ्या कप्पीवरून खाली यायच्या आणि भिंतीतल्या लोखंडी आकड्याला गुंडाळून ठेवायच्या. धूर, वाफ, वैशाखातली कोंडलेली गरमी, सगळं वरून बाहेर. "घराले बी नाक लागते जी," नत्थूजी गिऱ्हाइकाला सांगायचे. "नाक नसलेलं घर म्हंजे पेटी."

असा हा माणूस. देवाला हात जोडायचा, पण भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की उठून भट्टीला कोळसा घालायला जायचा. जे वाजतं त्याला तेल पाहिजे, जे हलतं त्याला खिळा पाहिजे, इतकंच त्याचं शास्त्र.

आणि अशा माणसाचं नाव एका रोशनदानापायी मातीत गेलं. तीन हिवाळ्यांपूर्वी वामनराव वकिलांची सून प्रेमलता बाळंत झाली आणि नवव्या दिवशी गेली. तिच्या कुशीतलं पोरही गेलं. ताप नाही, दुखणं नाही. सकाळी शेक घेऊन झोपलेली बाई, उठवायला गेले तर थंड. बाळंतिणीला वारं लागलं, असं घरच्यांनी सांगितलं. वारं कुठून लागलं? तर म्हणे नत्थूजीच्या रोशनदानातून, फट राहिली होती. झालं! सीताबर्डीवर एका ठेकेदारानं चार लोकांत विचारलं, "काहो मिस्त्री, रोशनदान बनवता का यमाची वाट?" लोक हसले. नत्थूजी हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांची भाकरी अर्ध्यावर आली आणि झोपही.

म्हणून पौषातल्या त्या दुपारी वकिलांचा निरोप आला, तेव्हा ते हातातली कानस तशीच टाकून निघाले. वकिलांची मुलगी चारुशीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती, आठवा दिवस चालू होता. खोली तीच, आणि रोशनदान बंद राहत नव्हतं. ज्यानं बसवलं त्यानंच मिटवावं, असा वकिलीणबाई कुसुमताईंचा निरोप.

सोयर असल्यामुळे परक्या पुरुषानं त्या खोलीत पाय टाकायचा नसतो. चारुशीलेला तासाभरासाठी शेजारच्या खोलीत हलवलं, तेव्हा नत्थूजी शिडी घेऊन आत गेले. ओवा, शेपा आणि तिळाच्या तेलाचा वास भिंतींत मुरला होता. मधोमध बाज होती आणि बाजेखाली कोळशाची शेगडी, राखेखाली अजून धगधगणारी. खिडक्यांना आतून गोधड्या ठोकल्या होत्या, आणि दाराच्या उंबऱ्याशी चिंध्यांची गुंडाळी ठेवली होती.

"रोज सकाळचंच," कुसुमताई दारातून म्हणाल्या. गोऱ्या, धिप्पाड बाई. पण आज डोळ्यांखाली काळं होतं. "न्हाणं झालं, शेगडी ठेवली, दार लावलं, की ते उघडतं."

"दोरी कोन सोडते?"

"कोणी नाही. मी स्वतः आत बसून पाहिलंय. उघडताना दिसत नाही हो. मान वळवावी तर उघडलेलं असतं."

नत्थूजींनी मान डोलावली. मनात म्हणाले, खिळी झिजली असेल. शिडी चढले. खिळी झिजली नव्हती. कप्पी गुळगुळीत, दोरी मजबूत, तोल असा बसलेला की बोटानं ढकलावं तर फिरावं आणि सोडावं तर थांबावं. आपलंच काम त्यांनी प्रेमानं न्याहाळलं. मग चौकटीच्या फटीत काहीतरी दिसलं. पेचकसाच्या टोकानं ओढलं तर जुन्या लुगड्याच्या चिंध्या निघाल्या, काजळीनं काळ्याकुट्ट झालेल्या. वीतभर नाही, चांगल्या हातभर.

"हे कोन कोंबलं?"

"मीच कोंबायला लावलं, प्रेमलतेच्या वेळी," कुसुमताई म्हणाल्या. "वारं येऊ नये म्हणून."

नत्थूजी शिडीवरच थांबले. फटी जर बोळे मारून बंद होत्या, तर वारं आलं कुठून? तीन वर्षं ज्या फटीसाठी शिव्या खाल्ल्या, ती फटच नव्हती! विचारावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण वकिलाच्या घरात उभं राहून वकिलीणबाईची उलटतपासणी कोण करणार? त्यांनी ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं. या खेपेला असं मिटवायचं की मुंगीचा श्वासदेखील आत येता कामा नये. मग बघू कोणाचं तोंड उघडतं ते.

त्यांनी दोन्ही दोऱ्या काढल्या, कप्पी काढली, सगळं पिशवीत टाकलं. चारही बाजूंच्या फटींत लांबीचा लगदा भरला. वरून आडवी लोखंडी पट्टी घातली आणि चार स्क्रू असे आवळले की मनगट दुखलं.

निघताना शेजारच्या खोलीच्या पडद्याआडून बारीक आवाज आला. "मिस्त्री, ते बंद करू नका ना. उघडलं की मला बरं वाटतं. डोक्याचं दुखणं उतरतं."

"चारू, गप्प पड," कुसुमताई म्हणाल्या.

नत्थूजी शिडी खांद्यावर टाकून बाहेर आले.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. उठून पाणी प्यायले, पुन्हा आडवे झाले, पुन्हा उठले. जिथून वारं आत येत नाही, तिथून बाहेरही काही जात नाही. ही साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली गेली होती. धाकटा भाऊ रुपराव एका हिवाळ्यात भट्टी पेटती ठेवून, दार लावून झोपला होता. सकाळी ओढून बाहेर काढला तेव्हा चेहरा लालभडक आणि शुद्ध नाही. दैव बलवत्तर म्हणून वाचला. कोळशाचा धूर दिसतो तेव्हा माणूस खोकतो, बाहेर पळतो. जो दिसत नाही तोच मारतो. हे लकडगंजातल्या कुठल्याही लोहाराला ठाऊक होतं, आणि नत्थूजींना दुपारीच, त्या शिडीवर, आठवायला हवं होतं.

सकाळी ते उन्हं वर यायच्या आधीच बंगल्यावर पोचले. सुभद्रा सुईण न्हाण्याचं पाणी उपसत होती. कुसुमताई व्हरांड्यात होत्या.

"बाईसाहेब, येक सांगू का?" नत्थूजी चाचरत म्हणाले. "शेगडी जराशी बाहेर ठेवा जी. नाहीतर दार तरी उघडं..."

"मिस्त्री, तुमचं काम खिडकीचं," कुसुमताईंनी मध्येच तोडलं. "बाळंतपणं आम्हाला शिकवू नका. एक सून त्या खिडकीपायी गेली आमची. का आजही ती उघडणार, म्हणून आधीच निमित्त शोधून राहिलात?"

घाव वर्मी बसला. जास्त बोलावं तर लोक म्हणणार, नत्थूजीला आपल्याच कामाचा भरोसा नाही. अन् खरं सांगायचं तर, ती पट्टी टिकते हे आपल्या डोळ्यांनी पाहण्याची हाव त्यांना होतीच. माणूस नावापायी काय काय गिळतो! ते शिडी भिंतीला टेकवून, पिशवी मांडीवर घेऊन, व्हरांड्यात बसले.

न्हाणं झालं. चारुशीला बाजेवर निजली, कुशीत लेकरू. सुभद्रेनं शेगडी फुंकून लाल केली, बाजेखाली सरकवली, मूठभर ओवा टाकला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. चिंध्यांची गुंडाळी उंबऱ्याला लावली. कुसुमताई दारासमोर पाट टाकून बसल्या. दाराबाहेर तिघं, आत दोघी.

वेळ जाऊ लागला. बागेत संत्र्याच्या झाडांवर पाखरं ओरडत होती. बाहेरून, तिरपी मान करून पाहिलं की रोशनदानाची पाठ दिसायची. बंद. नत्थूजी दर दोन मिनिटांनी पाहत. बंद.

"टिकलं म्हणायचं," कुसुमताई हळूच म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा सैल झाला.

नत्थूजींना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आत लेकरू मघापर्यंत कुईकुई करत होतं, आता करत नव्हतं.

"लेकरू झोपलं वाटते," सुभद्रा म्हणाली.

"कवा झोपलं?"

"आत्ताच. मघाच. काहून जी?"

तेवढ्यात कप्पी वाजली.

तोच आवाज. दोरी ओढली जाते, कप्पी फिरते, किर्र, किर्र, किर्र. नत्थूजींनी असा आवाज हजारदा ऐकला होता. त्यांनी रोशनदानाकडे पाहिलं. मग त्यांना आठवलं की वर कप्पी नाहीच.

आवाज मांडीवरून येत होता.

त्यांनी पिशवीत हात घातला. कप्पी फिरत होती. दोरी तिच्यावरून भरभर पळत होती, कोणी जोरात ओढावी तशी, आणि बोट लागताच बोटाची साल निघाली.

"दार उघडा!" नत्थूजी ओरडले. "दार उघडा, मायबाई, पोरगी मरून राहिली आत!"

कुसुमताई पाटावरून उठल्या नाहीत. दोन्ही हात पसरून दारासमोर तशाच बसल्या. "वारं लागेल," त्या पुटपुटल्या. "वारं लागेल तिला."

"त्या वक्ती वारं नव्हतंच बाई! बोळे तुम्हीच मारले होते ना? कोळशानं मेली ती! आन् आज मी मारून राहिलो!"

त्यांनी बाईंना बाजूला सारलं. परपुरुषानं बाळंतिणीच्या दाराला खांदा लावला.

दार उघडलं.

रोशनदान उघडं होतं. पूर्ण आडवं. बाहेरचं ऊन आत येत होतं आणि आतली गरम हवा थरथरत वर जात होती. लोखंडी पट्टी फरशीवर पडली होती. वाकलेली नव्हती. चारही स्क्रू तिच्याशेजारी होते. बारा फुटांवरून लोखंड पडलं, आणि दाराबाहेर बसलेल्या तिघांपैकी कोणाला आवाज आला नव्हता.

चारुशीला बाजेवर होती, गाल लालभडक, तोंड उघडं. नत्थूजींनी शेगडी लाथेनं बाहेर ढकलली. सुभद्रा आणि कुसुमताईंनी तिला बखोट्यांना धरून व्हरांड्यात ओढलं. पाणी मारलं, गालांवर चापट्या मारल्या. एक, दोन, तीन. मग तिनं मोठ्यानं श्वास घेतला आणि ओकली. जिवंत होती.

कुसुमताई तिथंच बसल्या. "प्रेमलता," एवढंच त्या म्हणाल्या, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन. "प्रेमलता, अगं..."

"लेकरू कुठं हाय?" सुभद्रा ओरडली.

बाजेवर नव्हतं. गोधडीत नव्हतं. बाजेखाली नव्हतं. सुभद्रेनं एकेक कपडा झटकला. दुसरं दार त्या खोलीला नव्हतं.

नत्थूजींनी वर पाहिलं.

दीड हात जाडीची भिंत होती. रोशनदानाच्या खाली, आतल्या बाजूला, भिंतीचा कट्टा होता. तिथं दुपट्याचं लाल टोक दिसत होतं.

शिडी तर बाहेर, व्हरांड्यात होती.

ती आत आणली. नत्थूजी चढले. लेकरू कट्ट्यावर आडवं ठेवलेलं होतं, डोकं उघड्या हवेकडे, काठावरून पडणार नाही असं नीट. छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. झोपलेलं होतं.

त्यांनी दोन्ही हात घालून उचललं.

उचललं जाईना.

नऊ दिवसांचा जीव, वजन ते किती असणार! पण पलीकडून कोणी धरून ठेवावं तसं ते सुटत नव्हतं. नत्थूजींच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं होतं की कशाचं, त्यांनाच कळेना.

"सोड वं माय," ते हळू म्हणाले. "चुकलो मी. आता नाही लावत. कोनीच नाही लावनार."

थोडा वेळ गेला. मग लेकरू हातात आलं, हलकंफूल.

त्यांनी ते खांद्यावर घेतलं आणि एकेक पायरी उतरले. खाली येताच लेकरानं ढेकर दिला. खांदा ओला झाला. सुभद्रेनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि थबकली. ओठांवर, हनुवटीवर, गळ्याच्या वळीत, सगळीकडे दूध होतं.

"चारूबाई," तिनं दाराकडे वळून विचारलं, "शेकात पाजलं का वं तुम्ही?"

व्हरांड्यातून चारुशीलेचा दमलेला आवाज आला. "नाही गं. सकाळपासून पाजलंच नाही."

नत्थूजींच्या खांद्यावरचं दूध अजून कोमट होतं.