मागे वळून बघणारा घोडा

"घोडा मोडला यार… पूर्ण मोडला!"

बर्मिंगहॅमच्या त्या हॉलमध्ये, छर्ऱ्याची पिस्तुलं जमवणाऱ्या हौशी लोकांच्या मेळाव्यात, रविवारी सकाळी कुणी मराठीत हळहळेल असं मृणालला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बाहेर रिपरिप चालू होती. हातातली छत्री निथळत होती, आणि मृणाल एकेका टेबलापाशी रेंगाळत नुसतीच हिंडत होती. तिनं वळून पाहिलं. निळ्या जॅकेटातला एक उंच मुलगा पिस्तूल डोळ्यांजवळ धरून उभा होता. चेहरा असा, की घरातलंच कुणीतरी आजारी आहे.

"घोडाच मोडला असेल तर घेऊ नकोस," तिच्या तोंडून निघून गेलं. "बार उडणारच नाही."

तो दचकला. मग हसला. "नो नो… तो घोडा नाही. हा." त्यानं पिस्तुलाच्या मुठीवरच्या लोगोवर बोट ठेवलं. "बार उडतो. चित्र मोडला."

"मोडलं. चित्र मोडलं."

"एक्झॅक्टली! तुला पण वाटतो ना?"

मृणाल खळखळून हसली. मग तिची नजर त्याच्या बोटाखालच्या घोड्यावर गेली आणि हसू जागच्या जागी विरलं. तो घोडा तिनंच काढला होता.

"तू मराठी आहे?" त्यानं विचारलं.

"आहेस."

"हो, मी पण मराठी आहेस," तो खुशीत म्हणाला. "मी प्रबुद्ध."

'पिम अँड थॉर्नली' ही पिस्तुलं बनवणारी जुनी कंपनी. तिचा घोडा पूर्वी पळता पळता मान वळवून मागे बघायचा. गेल्या वर्षी मालकांना वाटलं, आपली कंपनी पुढे बघणारी दिसली पाहिजे. ते काम मृणालच्या डिझाइन एजन्सीकडे आलं, आणि पुण्याहून नुकत्याच आलेल्या मृणालनं घोड्याची मान सरळ केली. चार स्वच्छ रेषा, बस. बॉस खूश, कंपनी खूश. आज बॉसनंच तिला इथं पाठवलं होतं, लोक काय म्हणतात ते ऐकून ये म्हणून. लोक काय म्हणतात ते तिला आता चांगलंच कळलं होतं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण इतक्या देखण्या मुलानं आपलं काम असं धुऊन काढल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार? ती गप्प राहिली. आणि पहिल्या दिवशी गप्प राहिलं की दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड होऊन बसतं.

दुसरा दिवस आलाच. मग कालव्याकाठची कॉफी आली, हॉस्पिटलातली त्याची एक्स-रेची ड्यूटी संपल्यावरचे लांबलचक फोन आले. त्याचा जन्म इथलाच. मराठी घरात बोलून शिकलेली, आणि लिंगांचा तर नुसता गोंधळ.

"खुर्ची ती, टेबल ते, सोफा तो. हे कोण ठरवला?"

"कुणी ठरवलं."

"तू सगळं असं सरळ करत बसते?"

"करत बसतेस. आणि हो, माझं कामच आहे ते."

"आय नो. लोगो करते ना तू," तो सहज म्हणाला. मृणालनं कॉफीच्या कपात डोळे बुडवले. या माणसाच्या प्रेमात आपण पडलो आहोत, हे तिला त्याच क्षणी स्वच्छ कळलं. आणि घोड्याचं खरं समजलं की तो आपल्याला सोडून जाईल, हेही तितकंच स्वच्छ कळलं.

शेवटी एका शनिवारी त्यानं तिला आपलं कलेक्शन बघायला घरी बोलावलं. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी कुलूपबंद काचेचं कपाट होतं. आत मोजकीच पिस्तुलं, सगळी लिमिटेड एडिशन, वर्षांच्या क्रमानं लावलेली. प्रत्येकावर घोडा. आधी पोटाचा जाडा, मग जरा सडपातळ, मग गोलात बसवलेला. सगळे उजवीकडे पळणारे, पण मान प्रत्येकाची मागे. उजवीकडच्या टोकाला एक जागा रिकामी होती.

"पहिला बाबांचा," प्रबुद्ध म्हणाला. "नागपूरहून आले ना, तेव्हा बस चालवायचे. रूटवर फॅक्टरीचा बोर्ड होता, मोठा घोडा. बाबा म्हणायचे, बघ, पळतोय जोरात, पण मागे बघतोय. अगदी आपल्यासारखा." त्यानं काचेवर बोट टेकवलं. "बाबा गेले. मग मी जमवत राहिलो."

"आणि ही जागा?"

"नवीन एडिशनची. नाही घेणार. ज्यानं तो काढला ना, त्याला कधी घरची आठवण आला नसेल."

मृणालच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मी काढला," ती म्हणाली. "तो घोडा… मीच काढला, प्रबुद्ध. आणि घरची आठवण यायची म्हणूनच तसा काढला. पहिला हिवाळा होता माझा. आईचा फोन ठेवला की रडू यायचं. मागे वळून बघणारं काहीही मला डोळ्यांसमोर नको होतं."

त्यानं काचेवरचं बोट काढून घेतलं.

"एवढे दिवस… का नाही सांगितला?"

'सांगितलं' म्हणायचंही तिला सुचलं नाही. "घाबरले," ती म्हणाली, आणि कोट उचलून निघाली. त्यानं तिला थांबवलं नाही.

पुढचे दिवस फोन मुका होता. ऑफिसात मृणाल कागदावर जुना घोडा काढून बघायची. मान मागे वळवताना हात अडखळायचा. किती अवघड रेषा होती ती! पळता पळता मागे बघायचं आणि तरी तोल जाऊ द्यायचा नाही… ती एका फटक्यात पुसताना आपल्याला काहीच कसं वाटलं नाही? आणि मग प्रबुद्धची आठवण यायची, अशी की सरळ उठून बसस्टॉपवर जाऊन उभं राहावं.

मग मेसेज आला. "येशील? पाच मिनिट."

ती गेली. तो दारातच उभा होता, केस विस्कटलेले. त्यानं तिला थेट कपाटापाशी नेलं. आत नवी एडिशन होती. तिच्या घोड्याची. पण शेवटच्या रिकाम्या जागी नाही. बाबांचं पिस्तूल एक घर उजवीकडे सरकलं होतं, आणि त्याच्या डावीकडे, सगळ्यांच्या आधी, हे नवं कोरं.

"क्रम चुकलाय," मृणाल पुटपुटली. "तुमच्या मेळाव्यातले लोक हसतील तुला."

"हसू दे. आधी लास्टलाच ठेवला होता, वर्षाप्रमाणे. पण तिकडे ना… हा मागे बघतो, तुझा पुढे बघतो, दोघं पाठ करून उभे. रात्रभर बघवेना." त्यानं डावीकडच्या टोकाकडे बोट दाखवलं. "मग इकडे आणला. आता बघ."

मृणालनं पाहिलं. बाबांच्या घोड्यानं मान मागे वळवली होती. तिचा घोडा समोर बघत होता. आणि दोघं एकमेकांच्या अगदी डोळ्यांत बघत होते.

"मृणाल," मागून त्याचा आवाज आला. "तू मला… खूप आवडतो."

'आवडतेस.' शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाच होता. तिनं तो तिथंच थांबवला.

ती वळली, ओल्या डोळ्यांनी हसली आणि त्याचा हात हातात घेतला.

"परत म्हण," ती म्हणाली. "अगदी तसंच."